तेजस्वी चेहऱ्यांची मापं

लाकडाच्या वखारीवरच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. परवापर्यंत काठी टेकत चालणारा निवृत्त पोस्टमन व्यासपीठावर चक्क उठाबशा काढत होता आणि लोक टाळ्या पिटत होते.

"विचारा त्या गुडघ्याला, इतके दिवस कुठे होतास!" तेजबाबा माइकमध्ये गरजले. "आणि चेहरा बघा, पौर्णिमेचा चंद्र! ही भुकटी नाही, माझं तप आहे. रोज सकाळी एक चिमूट. डॉक्टरला मात्र दाखवायची नाही, गुण जातो. सोडायची तर नाहीच. बेकरीवालीनं सोडली, काय झालं?"

बेकरीवाली भोवळ येऊन भट्टीसमोर कोसळली होती. सभागृह शहारलं.

मावशीनं मला कोपरानं ढोसलं. "तुझ्या नळ्या-बाटल्यांना जमलं का हे?"

नळ्या-बाटल्या म्हणजे माझी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेतली नोकरी. मावशी कपडे शिवते. सांधेदुखीनं तिची बोटं इतकी आखडली होती की दुकान बंद करायची वेळ आली होती. भुकटी घेतली आणि मशीन पुन्हा धडधडू लागलं. तिच्या आनंदावर विरजण घालायला माझी जीभ रेटेना.

मग शिवलेले कपडे परत येऊ लागले.

"टेप आखडली की माझी अक्कल?" मावशी वैतागली. "पोस्टमनची कॉलर लागत नाही आणि बाही लोंबतेय. बेकरीवालीचंही तेच. पोटावर घट्ट, दंडावर ढगळ. माझं माप असं कधी चुकत नाही गं!"

"माप बरोबर आहे. माणसं बदललीत." मी तिच्याकडे नीट पाहिलं. गाल वाटोळे, हात काटकुळे, मानेमागे चरबीचा उंचवटा. सगळे भक्त एकाच साच्यातून काढल्यासारखे. "मावशी, तूसुद्धा."

"तेज आलंय ते."

"तेजाला मानेमागे उशी लागते होय?"

ती हसली, पण बाही वर सरकवून बसली. "घे रक्त, ढेकणा!"

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहानशा ग्रंथी असतात. कॉर्टिसॉल हे संप्रेरक त्या बनवतात. सूज आटोक्यात ठेवायला, आजारपणात तग धरायला ते हवंच. पण फार झालं की चेहरा गोल होतो, चरबी मानेशी आणि पोटाशी साठते, हातापायांचे स्नायू झिजतात. मावशीचं शरीर ओरडून सांगत होतं की फार झालंय. आणि सकाळी रक्तात ते भरपूर असायला हवं, तर तिच्या सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतंच! म्हणजे तसंच काम करणारं काहीतरी बाहेरून येत होतं, आणि आयतं मिळतंय म्हटल्यावर ग्रंथी काम सोडून झोपी गेल्या होत्या. औषध तपासणाऱ्यांकडे भुकटी पाठवली. निघाली साखर, सुंठ आणि स्टेरॉइडच्या, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणाऱ्या औषधाच्या, कुटलेल्या गोळ्या.

पुढच्या सभेत मी हे सगळं सांगितलं. मावशी गळ्यात टेप अडकवून शेजारी उभी राहिली. "बाबा, तुमचं तप माझ्या टेपेत सापडलं!"

बाबा लालबुंद झाले. "संशय घेणाऱ्यांची भुकटी बंद! मग बघा कोप!"

"कोप नाही तो," मी म्हणाले. "झोपलेली ग्रंथी एका दिवसात जागी होत नाही. बाहेरचं बंद, आतलं सुरू नाही, म्हणून माणूस कोसळतो."

"फेका रे गटारात!" पोस्टमननं पुडी उगारली.

"थांबा! एकदम कुणीही सोडू नका. जीव जाईल."

"ऐका!" बाबा हरखले. "तीच सांगतेय, घ्या म्हणून!"

"घ्या नाही, न्या. डॉक्टरकडे. डॉक्टर मोजून औषध देतील आणि हळूहळू कमी करतील. ग्रंथींना उठायला महिनेही लागतात."

मी बोलावलेल्या डॉक्टरीणबाई दाराशी टेबल मांडून बसल्याच होत्या. त्यांच्यामागे पोलीस उभे दिसले आणि बाबांचा माइक आपोआप बंद पडला.

मावशीनं हळूच विचारलं, "आणि माझी बोटं?"

"सांध्यांवर नीट औषधं आहेत. पण बोटं पूर्वीसारखी धावतील असं वचन नाही देत."

"बाबानं दिलं होतं."

"म्हणून तर मी देत नाही."

त्याच बोटांनी तिनं पुडी मुठीत घट्ट धरली. मग रांगेत सर्वांत पुढे जाऊन उभी राहिली.

डॉक्टरला दाखवू नका असं सांगून कुणी औषध दिलं, तर एवढंच करा. ते सर्वांत आधी डॉक्टरलाच दाखवा.