उतरलेला दाब

हंबीरराव वस्तादांचा रक्तदाब उतरला आणि सगळी गल्ली खूश झाली. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी सर्पगंधेच्या नव्या गोळ्या दिल्या होत्या. हळूहळू वस्ताद ओरडेनासे झाले. आमच्या कोल्हापुरात रक्तदाब म्हणजे तापट डोक्याचंच दुसरं नाव. डोकं थंड झालं की माणूस बरा झाला! तालमीतल्या पैलवानांनी तर नारळ फोडला.

त्यांच्या बायकोला, चिमणाबाईंना, मात्र हे थंडपण सोसेना. पहाटे तांबड्या मातीत उतरणारा माणूस आता भिंतीकडे तोंड करून पडायचा. नाक चोंदलेलं, डोळे जड. ताट वाढलं, "राहू दे." पट्ठ्यानं मैदान मारलं, "राहू दे." शेजारणी म्हणाल्या, "नशीब काढलंस की! न्हाय शिव्या, न्हाय आदळआपट." चिमणाबाईंना असा संताप आला की हातातली कळशी त्यांनीच आदळली.

"चला डाक्टराकडं."

"राहू दे."

"न्हाय राहू देनार."

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला आणि हसले. "उत्तम! औषध चालू ठेवा."

"दाब उतरला, पर मानूस बी उतरलाय," चिमणाबाई म्हणाल्या. "तुमीच इचारा ह्यास्नी."

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "वस्ताद, जीव नकोसा वाटतो का?"

वस्ताद खाली बघतच म्हणाले, "काल रंकाळ्यावर गेलतो. जीव द्यायला. ही न जेवता वाट बघत असंल, म्हनून माघारी आलो."

चिमणाबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"या गोळीनं काहींचं मन असं खचतं," डॉक्टर म्हणाले. "मी आधीच विचारायला हवं होतं. आजपासून ती बंद. मन सावरायला वेळ लागेल, तोवर यांना एकटं सोडू नका. दाब पुन्हा चढेल. मीठ कमी करा आणि दर आठवड्याला दाखवा."

"घरातलं मीठच बंद करते."

"राहू दे गं," वस्ताद बसूनच म्हणाले. "माज्यात आता काय न्हाय."

चिमणाबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं ते फक्त उखाण्यात, अशा वळणात वाढलेली ती बाई. दवाखाना माणसांनी भरलेला. त्या सगळ्यांदेखत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हंबीरराव! उठा."

वस्तादांनी दचकून मान वर केली. "नाव घेतलंस?"

"घेतलं. तुमी उठंस्तवर घेत राहनार."

वस्तादांनी उठायला हात पुढे केला.