पाल जागेवर

“क्षिप्रा, हा नमुना घरी नेऊ नकोस. दमट हवेत कसा वागतो ते आपण बघितलेलंच नाही अजून,” सुश्रुत म्हणाला होता. तेव्हा हिवाळा होता. कोलशेतच्या प्रयोगशाळेत त्या दोघांनी केलेल्या नव्या पट्टीवर क्षिप्राने भरलेली गॅसची टाकी लोंबकळवून दाखवली होती. ती हसली. “अरे, मला कुठे विकायचाय? बाबांच्या बाथरूमला लावायचाय.”

पट्टीला डिंक नव्हताच. पालीच्या पायाला असतात तसे रबराचे बारीक केस, डोळ्यांना न दिसणारे, भिंतीला टेकले की धरून ठेवणारे. बाबांना नेमकं असंच काहीतरी हवं होतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर आंघोळीच्या स्टुलावरून उठताना त्यांना आधार लागायचा आणि ड्रिल घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी दारातूनच परत पाठवलेलं. “त्या टाइल्स तुझ्या आईनं निवडल्यात. एक भोक पाडायचं नाही.”

मग क्षिप्राने डोंबिवलीला जाऊन त्या पट्टीवर स्टीलचं हँडल बसवलं. बाबांनी त्याचं नाव पाल ठेवलं. रोज आंघोळ उरकली की त्यांचा मेसेज यायचा: पाल जागेवर.

पावसाळा लागला तशी ती धास्तावली.

“बाबा, हँडल हलत नाही ना?”

“अगं, हलतंय कसलं? हिसका देऊन बघितला. उन्हाळ्यापेक्षा घट्ट बसलंय. तू पोराकडे बघ, माझी आई होऊ नकोस.”

दमट हवेत पकड वाढलीय म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. सुश्रुत उगाच घाबरवतो, असंही तिला वाटून गेलं.

आज पोराच्या अंगात ताप होता, म्हणून रजा टाकून ती वर्तकनगरच्या घरी थांबली होती. तिचा नवरा साकेत ऑफिसच्या कामासाठी पुण्याला गेलेला. ती पोराच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवत असताना सुश्रुतचा फोन आला.

“दमट पेटीतली चाचणी झाली. आधी पकड वाढतच गेली, मीसुद्धा चाट पडलो. मग पेटी तापवली, टाइलवर पाणी साचू दिलं, आणि सुटली.”

“घसरली?”

“घसरली असती तर बरं झालं असतं. निदान कळलं असतं. ही शेवटपर्यंत घट्ट होती आणि एकदम हातात आली. उष्णतेने रबर मऊ पडतं, केस एकमेकांना चिकटतात. त्यात मध्ये पाणी शिरलं की संपलं. बाबांकडचं काढलंस ना तू?”

क्षिप्राने फोन कानापासून काढला. तिने मेसेज उघडले. कालचा होता, परवाचा होता. आजचा नव्हता.

बाबांना पाणी कडकडीत लागतं. सर्दी होईल म्हणून खिडकी बंद. आरसा दिसेनासा होतो इतकी वाफ.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बाबा फोन बाथरूममध्ये नेत नाहीत, हे तिला माहीत होतं. तरी लावत राहिली.

मग बाबांच्या समोरच्या फ्लॅटमधल्या प्रीतीला. “ताई, मी कल्याणला आलेय, आईकडे. काकांची किल्ली खालच्या रंभाकाकूंकडे देऊन आलेय. पण त्या फोन कुठे उचलतात, टीव्ही केवढा मोठा असतो त्यांचा.”

पोर खांद्यावर टाकून ती खाली उतरली. रिक्षावाल्याने डोंबिवली ऐकून नाक मुरडलं, मग पोराकडे बघून म्हणाला, “बसा. पण शीळफाट्याला ट्रॅफिक आहे हां.”

पोर कण्हत होतं. घट्ट बसलंय, घट्ट बसलंय, हे बाबांचे शब्द तिच्या कानात घुमत होते. ज्या खुणेवर विसंबून ती गप्प राहिली, ती धोक्याच्या आधीची खूण होती. आणि भक्कम वाटतंय म्हणून बाबा आता सगळा भार हँडलवरच टाकत असणार.

माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली. तिने एका हाताने बाबांच्या बिल्डिंगचा ग्रुप उघडला आणि टाइप केलं:

“मी दुसऱ्या मजल्यावरच्या मधुकाकांची मुलगी. हे वाचणारे तुम्ही जे कुणी असाल, कृपया आत्ता वर जा. किल्ली रंभाकाकूंकडे आहे, त्यांचं दार जोरात वाजवा. बाबा आंघोळीला बसले असतील. बाहेरूनच ओरडून सांगा, उठू नका, हँडल धरू नका. ते म्हणतील पक्कं आहे. त्यांचं ऐकू नका. आत जाऊन त्यांना तुमचा हात द्या.”