सुटलेली तक्रार

लोहारणीनं पाना लावला, दोन हिसके दिले आणि हापशाचा दांडा उपसून खांद्यावर टाकला.

"अगं, सरकारी वस्तू आहे ती!" नवरा ओरडला.

"मग सरकारलाच नेऊन देते."

हापसा बंद पडून दोन महिने झाले होते. मोबाइलवर तक्रार करा, आठ दिवसांत मिस्त्री दारात, असं साहेब लोक सभेत सांगून गेले होते. तिनं तीनदा केली. मिस्त्री सोडा, कुत्रं फिरकलं नाही. बाया ओढ्यावरून पाणी वाहू लागल्या. परवा तिची धाकटी जाऊ, सातवा महिना चालू असलेली, भरल्या घागरीसकट दरडीवरून घसरली. पाय मोडला. पोटातलं वाचलं, एवढंच नशीब. आणि आज सकाळी मोबाइलवर निरोप, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.'

लोहारणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कचेरीत तिनं रांग मोडली नाही. पाळी आल्यावर मात्र दांडा असा आदळला की कारकुनाचा चहा सांडला.

"बाई, हे काय?"

"सोडवलेली तक्रार. बघा, येतंय का पाणी ह्यातून."

कारकुनानं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हा फोटो बघा. धो धो पडतंय. काम झालंय."

ती वाकून बघत राहिली. "आमच्या हापशाला ओटा कधी बांधलाच नाही, भाऊ. आणि ही निळी भिंत कुठली? मागं आमच्या बाभळी आहेत."

"ते मला माहीत नाही. बंद झालेली तक्रार उघडत नाही. नवी करा."

"मग माझ्या जावेचा मोडका पाय पण बंद कर त्यात! एक बटण दाब, झाला बरा!"

रांगेतला एक म्हातारा पुढं सरकला. डोळे बारीक करून त्यानं पडदा बघितला, मग स्वतःचा मोबाइल काढला. "पोरी, आमच्या वस्तीच्या तक्रारीला पण हीच भिंत लावलीय की."

त्याच्यामागची बाई किंचाळली, "आमच्याही!"

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," म्हातारा थुंकल्यासारखं बोलला.

मग कल्ला उठला. आतले साहेब बाहेर आले. त्यांनी दोघांचे मोबाइल पडद्याशेजारी धरून बघितले आणि कारकुनाकडं नजर वळवली. कारकून सांडलेला चहा पुसत बसला.

"दांडा ठेवून जा, बाई. उद्या माणूस पाठवतो."

"माणूस आज द्या. दांडा त्याच्याबरोबरच उठेल. तोवर मी पण हलत नाही." तिनं तिथंच फरशीवर बैठक मारली. मागं रांग तशीच उभी राहिली. एकानंही तिला ऊठ म्हटलं नाही.

दुपारी ती मिस्त्रीच्या गाडीतून गावात उतरली. दोन वायसर बदलायचे होते, बस. तासाभराचं काम. आधी तांबडं, मग नितळ पाणी आलं. बायांनी घागरी पुढं सारल्या.

मिस्त्रीनं मोबाइल उचलला. "ताई, साहेबांचा हुकूम आहे, जागेवरचाच फोटो हवा. दांड्याला हात लावून जरा हसा."

"आधी घरी चल," लोहारीण म्हणाली. "जाऊ खाटेवर पडलीय, पाय बांधून. तिचा काढ. मग माझा."