सांगलीकरासाठी ओतलेलं झाकण

माघातलं ऊन. ऊन कसलं, उसाच्या पाचटावर वाळत घातलेलं पिवळं लुगडं. गुऱ्हाळांचा गोड, धूम्रधूसर श्वास कोल्हापूरच्या उद्यमनगरावर उतरत होता. येसाबा ओतारीच्या भट्टीचा तांबडा श्वास त्याला भेटायला वर चढत होता. आणि दोन श्वासांच्या मधोमध, या पायावरून त्या पायावर, भालचंद्र हुपरीकर मास्तर हेलकावत होते.

चित्रकलेचे निवृत्त मास्तर. फटफटी साठीची, गुडघा सत्तरीचा. गुडघ्यानं हिय्या सोडला आणि पत्नी प्रमिलाबाईंनी हट्ट धरला: गाडी विका. सांगलीचा एक शौकीन मिळाला. अट त्याची एकच. इंजिनाचं झाकण तडकलंय, तेल ठिबकतंय. तेवढं थांबलं की आजच नेतो.

असं झाकण आता दुकानात मिळत नाही. ते जन्माला घालावं लागतं.

येसाबानं जुन्या झाकणावर मेणाचा झिरझिरीत थर चढवला. कारण तप्त धातू निवताना आखडतो, आणि नुसत्या जुन्या मापावर ओतलेलं झाकण तोकडं पडतं. तोकडं पडतं! मास्तरांच्या मनात एक चोरटी आशा लुकलुकली.

"मेण जरा कमीच लावलंत का हो, येसाबा?"

"धातू किती आखडतोय त्ये मला म्हाईत हाय, मास्तर. माणसाचं तेवढं सांगता येत न्हाई."

काळी ओलसर वाळू चाळली गेली, चेपली गेली. वाळूच्या गर्भात झाकणाची पोकळी राहिली. मग मुशीतून मिश्रधातूचा रस उतरला. रजतगौर, चंद्रचिक्कण, दुधाहून मुका. न थांबता, न थरथरता, एका धारेत.

आणि मग फक्त निवणं. मास्तर आत, मास्तर बाहेर. मास्तर घड्याळाकडे, मास्तर वाळूकडे. लग्नमंडपात मुलगी सासरी निघालेल्या बापानंही इतक्या येरझाऱ्या घातल्या नसतील.

वाळू फोडली. झाकण निघालं. कारखान्यातल्या हजार जुळ्यांसारखं गुळगुळीत नव्हतं ते. अंगावर वाळूची बारीक लव, काठाला येसाबाच्या अंगठ्याचा पुसट दाब, पोटात अजून भट्टीची ऊब. कानस फिरली, भोकं पडली, आणि काळ्या सालीखालून राखाडी पहाट उजाडली. मास्तरांनी जन्मभर पोरांना छटा शिकवल्या. एवढ्याशा धातूत इतक्या छटा असतात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नको त्या दिवशी, विकायच्याच दिवशी, म्हातारी फटफटी नव्या नवरीसारखी नटून उभी राहिली!

झाकण बसलं. तेल भरलं. सत्तरीचा गुडघा एका किकेत पंचविशीचा झाला. इंजिन धडधडलं.

दोघे ओणवे झाले. एक मिनिट. पाच मिनिटं. कोरडं.

मास्तरांचा चेहरा उतरला.

येसाबा मिशीत हसला. "तेल गळतंय म्हणून रडणारं लई बघितलं मी. गळत न्हाई म्हणून रडणारं तुमीच पैलं."

"तापल्यावर गळेल. जरा फिरवून बघतो."

खिशात फोन वाजला. प्रमिलाबाई. "अहो, सांगलीचे पाहुणे येऊन बसलेत. चहा झाला, पोहे झाले. आता काय गाऊन दाखवू त्यांना?"

"आलोच," मास्तर म्हणाले. घर डावीकडे होतं. फटफटी उजवीकडे वळली.

पंचगंगेचा पूल गेला. तुरेवाले ऊस मागं गेले, पुढं आले, पुन्हा मागं गेले. पोटरीशी नवं झाकण ऊब देत होतं. मास्तर थांबले, वाकले. कोरडं. पुन्हा निघाले, पुन्हा थांबले, पुन्हा वाकले. कोरडं. इतक्या इमानानं काम करायचं असतं का, येसाबा? एवढी फट ठेवली असती, केसाएवढी, तर तुझं काय गेलं असतं?

शेवटी रस्त्याच्या कडेला, उसाच्या सळसळत्या, अस्वस्थ सावलीत त्यांनी गाडी उभी केली. खिशातला पांढरा रुमाल इंजिनाखाली अंथरला. फोन वाजत होता, वाजू दिला. ऊन कललं, सावली सरकली, वारा पडला. धुळीत मांडी घालून मास्तर बसले होते, आणि रुमाल पांढरा होता. पांढराच होता. एका थेंबासाठी, फक्त एका थेंबासाठी, पांढरा.