भर उन्हातला लाल

मी एक जुना तेलाचा डबा आहे. मित्रांनो, ज्या वर्षी दौलतरावांच्या नातीचे, श्रेयाचे, बारसे झाले, त्या वर्षी मी लालबागच्या चाळीत आलो. माझ्यातल्या तेलात पाहुण्यांसाठी वडे तळले. रिकामा झाल्यावर मी भंगारातच जायचो, पण दौलतरावांनी मला ठेवून घेतले. माझे तोंड कापले, कोणाचा हात चिरू नये म्हणून कडा हातोडीने आत वळवल्या, बुडाला खिळ्याने भोके पाडली आणि माती भरून मला गॅलरीत ठेवले. तिथे दुपारपर्यंत सरळ ऊन येते.

आधी माझ्यात पांढरी सदाफुली होती. दौलतरावांची बायको मालनताई तिला रोज पाणी घालत. शेजारणी म्हणत, "डब्याने नशीब काढलं हो!" मला फार बरे वाटे.

पुढे मालनताईंच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार जडला. सगळे धुरकट झाले. सदाफुली मागच्या भिंतीत मिसळून गेली. एका सकाळी त्यांनी माझे पाणी लादीवर ओतले आणि मग त्या ओल्या लादीवर हाताने मला चाचपत राहिल्या. आहे ती नजरही फार वर्षे टिकणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. तोवर हिला एखादा रंग तरी दिसावा, हे दौलतरावांच्या मनाने घेतले.

संध्याकाळीच ते दादरहून फिकट गुलाबी शेवंती घेऊन आले. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती फार देखणी दिसली होती. दुसऱ्या दिवशी उन्हात तिचा रंग पार धुऊन गेला.

"दिसता काय गो?"

"कायच नाय. खय बघून घेतलात?"

"दुकानात."

"वा! साडी घेताना दहा वेळा दुकानाभायर उन्हात नेऊन बघतास, आणि झाड दिव्याखाली? तुमचो अर्धो जल्म गेलो मिलच्या रंगखात्यात!"

दौलतराव कपाळाला हात लावून हसले आणि भर दुपारी पुन्हा दादरला गेले. तिथे काय झाले ते त्यांनी घरी येऊन सांगितले, तेच मी सांगतो. अभय नावाच्या रोपवाल्याला ते एकेक रोप फुटपाथवर उन्हात ठेवायला लावत, स्वतः रस्त्यापलीकडे जात आणि डोळे किलकिले करून बघत.

"काका, रोप घेताय का लग्नाचा बस्ता?" अभय ओरडला.

"बस्ताच समज. नवरी घरी बसलीय."

फिकट निळी, पांढुरकी फुले उन्हात विरून जात. गडद लाल, केशरी तेवढी टिकत. शेवटी लाल चिनी गुलाब ठरला. त्याची पाने जाडसर, पाणी धरून ठेवणारी. आणि ऊन चढल्याशिवाय तो फूल उघडत नाही.

दोन दिवसांनी माझ्यात फुले उमलली. मालनताई वाकल्या.

"थांबा, सांगू नकात. लाल... लालच ना ओ?"

त्यांचे बोट नेमके फुलावर टेकले. "लालच गो!" दौलतराव म्हणाले.

पुढे दौलतराव अंथरुणाला खिळले. माझ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. माती भेगाळली, माझे बूड गंजले. मुलगा हितेंद्र म्हणाला, "आई, हा डबा टाकतो. पाय कापेल कोणाचा तरी."

"हात लावू नको त्येका! दुपारचा माका तेवढाच दिसता."

हितेंद्रने माझ्याखाली फरशीचा तुकडा सरकवला आणि श्रेयाने पाणी घातले. चिनी गुलाब चिवट, पुन्हा फुटला.

मित्रांनो, कोणासाठी झाड घ्याल, तर आधी ते उन्हात नेऊन बघा; आणि ज्याला ते बघायचे आहे, त्याच्या डोळ्यांनी बघा. गंजला म्हणून डबा टाकण्याआधी घरात एकदा विचारा.

दौलतराव गेल्या वर्षी वैशाखात, दुपारी वारले. तेव्हाही माझ्यातली फुले उमललेली होती आणि मालनताईंना त्यांचा लाल रंग अजून दिसत होता.