पांढरा वाडगा

वाजवताना ती फार घाई करायची, म्हणून नवऱ्याने तिचं नावच 'घाई' पाडलं होतं. दोघं मिळून स्फटिकाचे वाडगे वाजवायचे. दमलेभागलेले लोक सतरंज्यांवर डोळे मिटून पडत, आणि चामडं लावलेली दांडी काठावरून फिरू लागली की अख्खी खोली गुणगुणायची. तिचा हात जड. मग ते कानाशी येऊन म्हणत, "घाई, वाजवतेस की भांडी घासतेस? गोंजार त्याला. दाबलंस तर तडकेल."

पुढे नवऱ्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यांची वाचा गेली, ओळखही गेली. पण पांढरा वाडगा वाजला की चादरीवर त्यांचं बोट गोल फिरायचं. त्या एका बोटावर तिने सगळा जीव टांगला होता. रोज सकाळी आधी वाडगा, मग प्रार्थना. बोट फिरताना दिसलं की तिथेच डोळे मिटून ती देवाचे आभार मानायची.

त्यांना उचलून उचलून आईची पाठ मोडली, ते लेकीला बघवेना. तिने बाबांसाठी शुश्रूषागृहात जागा मिळवली आणि गाडी घेऊनच आली. आईने एवढंच मागितलं, की एकदा डोळ्यांनी बघ. बोट हललं तर बाबा इथेच राहतील. लेक कबूल झाली.

वाडगा खाटेशी ठेवून आईने दांडी फिरवली. सूर चढला. बोट हलेना. तिने दांडी दाबली, अजून दाबली, तावदानं झिणझिणली. लेक पुरे पुरे म्हणत होती. काडकन आवाज झाला, काठापासून बुडापर्यंत चीर गेली आणि सूर जागच्या जागी विझला.

खोली चिडीचूप झाली. बऱ्याच वेळाने, त्या शांततेत, बोट हललं. गोल, गोल, अगदी रोजच्यासारखं.

लेकीने आईकडे बघितलं. "हललं गं, आई. राहू देत बाबा इथेच."

आईने आपला तळहात हळूच त्या बोटाखाली सरकवला. चादरीवर फिरत होतं तसंच ते तळहातावर फिरत राहिलं. खाली चादर आहे की बायको, बोटाला काही फरक पडत नव्हता.

बोट थांबेपर्यंत तिने हात काढला नाही. आज तिला कसलीच घाई नव्हती.

"जाड पांघरूण घे बाई," मग ती लेकीला म्हणाली, "गाडीत त्यांना गार लागतं."