तेच औषध, दुप्पट

पावात झुरळाचा पाय निघाला तेव्हा थोरलीला खापर फोडायला एक डोकं हवं होतं, आणि धाकटीचं डोकं जवळच होतं. बेकरीत ही गर्दी! थोरली गल्ल्यावरून ओरडली, "ही घाणेरडी! हिला धड झाडता येत नाही, म्हणून माझ्या दुकानात किडे!"

माझ्या दुकानात! बाप दोघींचा, भट्टी दोघींची. धाकटीने एप्रन काढून पिठाच्या पिंपावर फेकला आणि निघून गेली. तिला बेकरी परत नको होती. थोरलीने गिऱ्हाइकांसमोर 'माझं चुकलं' म्हणायला हवं होतं, बस्स. त्याशिवाय तिला अन्न गोड लागणार नव्हतं.

ती कीटकनाशकं फवारणाऱ्यांकडे कामाला लागली. बेकरीतली झुरळं मात्र काही तिच्यामागोमाग गेली नाहीत. शेवटी सरकारी तपासणी तोंडावर आली, तेव्हा थोरलीचा फोन आला. "ये ना गं. घरचंच काम आहे."

धाकटी गेली. भट्टीमागच्या उबदार फटीत तिने टॉर्च मारला. थोरलीने नुकतंच औषध मारलं होतं. भिंत अजून ओली होती आणि त्या ओलीवरून झुरळाची पिल्लं माहेरी आल्यासारखी हिंडत होती.

"औषधात भेसळ असणार," थोरली म्हणाली. "इतकी वर्षं हेच मारतेय. आधी कशी पटापट मरायची!"

"मरणारी मेली, ताई. हजारात एखादं जन्मतःच चिवट निघतं, ते उरलं. त्याची पिल्लंही त्याच्यावरच गेली. त्यातली लेचीपेची पुढच्या फवारणीत मेली, आणखी चिवट तेवढी उरली. इतकी वर्षं तू एकच औषध मारून चिवट झुरळं निवडत बसलीस."

"म्हणजे माझंच चुकलं म्हण की!"

"तुझंच. माझ्या झाडण्याचं नाही. उद्या गिऱ्हाइकांसमोर एवढं सांग, मी आत्ता बंदोबस्त करते." तिच्या पिशवीत वेगळ्याच जातीचं औषध होतं. या झुरळांच्या सात पिढ्यांनी ते चाखलं नव्हतं.

थोरली फिदीफिदी हसली. "माफी? तुला कडेवर घेऊन वाढवलंय मी. नाटकं पुरे कर."

धाकटीने जिभेवर साखर ठेवली आणि पिशवीची चेन ओढून घेतली. "बरं. मग तेच मार. दुप्पट मार. रोज मार."

थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा धाकटीचं ऐकलं. उरलीसुरली कच्ची झुरळं मेली आणि नुसती पक्की राहिली. औषधाच्या उग्र वासाने बिथरून ती फटींतून बाहेर पडली, फळ्यांवर चढली, बिस्किटांत शिरली. तपासनिसाने एक बरणी उघडली, ती बंद करायलाही तो थांबला नाही. दुकानाला टाळं लागणार हे ऐकून धाकटीने कपभर चहा जास्त प्यायला. वाईट वाटलं का? छे! मनातला काटा निघाल्याचं सुख होतं ते.

टाळं लागायच्या दिवशी थोरलीने तिला बोलावून घेतलं. रिकाम्या फळ्यांसमोर उभी राहून ती पुटपुटली, "माझं चुकलं. तुझा काही दोष नव्हता."

ऐकायला एकही गिऱ्हाईक नव्हतं. फळ्यांच्या फटीफटींतून तेवढ्या मिशा हलत होत्या.

धाकटीने स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसली.

"मोठ्याने म्हण, ताई. मागच्यांना ऐकू गेलं नाही."